न वाचलेली चिठ्ठी

अपेक्षाभंगाला आपण उगाच नावे ठेवतो. माझ्या मते ते माणसाच्या चांगल्या प्रकृतीचे लक्षण आहे. ज्याने कधी काही मागितलेच नाही, त्याची निराशा व्हायची कशी? लग्नाच्या पंगतीत जिलबी आपल्या पानापर्यंत येता येता संपली म्हणून हळहळणारा मनुष्य निदान पानावर बसलेला तरी असतो. मांडवाबाहेर ताटकळत उभा असलेल्याला जिलबी संपली काय नि उरली काय, सारखेच! म्हणून कुणी निराश होऊन माझ्याकडे आला, की मी आधी मनातल्या मनात म्हणतो, ‘वा! हा गृहस्थ पानावर बसला आहे तर!’

शाळामास्तराला निराशेचे नाना नमुने पाहायला मिळतात. गणितात दोन गुण कमी पडल्याची निराशा असते, सहलीचे पैसे घरून न मिळाल्याची असते, स्नेहसंमेलनात राजाचे काम न मिळता भालदाराचे मिळाल्याचीही असते. परंतु गेल्या हिवाळ्यात एक अगदी नवाच नमुना माझ्या ओसरीवर येऊन बसला. माझा एक जुना विद्यार्थी विद्यापीठातल्या एका चर्चासत्रामुळे निराश झाला होता. मी विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेलो नाही. चर्चासत्र म्हणजे मंडळींनी चहा प्यायचा, एकमेकांना ‘आपला मुद्दा मोलाचा आहे’ असे म्हणायचे आणि गाडीच्या वेळेवर घरी जायचे, अशी माझी समजूत. अशा निरुपद्रवी गोष्टीने एखाद्या तरुणाची झोप उडावी, याचे मला प्रथम नवलच वाटले.

त्याचे नाव मी सांगत नाही. ते त्याला आवडायचे नाही. बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात, आमचे गाव आहे. जमीन हलकी, पाऊस लहरी. दसरा झाला, की गावात मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात आणि दिवाळीच्या आगेमागे घराघरांवर कुलपे चढू लागतात. मंडळी ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, झालेच तर कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. नवराबायकोच्या जोडीला त्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, चार हात. पण हिशेबात कोयता एकच! मुकादम आधी उचल देतो, आणि हंगामभर टनावर मजुरी मोजून ती फेडायची असते. आजारपणाने म्हणा, बाळंतपणाने म्हणा, एखादा दिवस काम चुकले, तर खाडा पडतो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड अंगावर बसतो.

या मुलाचे आईबाप असेच एक कोयता. त्याला मात्र त्यांनी आजीपाशी ठेवले होते. डोळ्यांनी अधू झालेली ती म्हातारी रोज सकाळी त्याचा हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत येत असे. कोण कुणाला पोहोचवते आहे, हे पाहणाऱ्याला कळत नसे. पोरगे हुशार. सातवीपर्यंत माझ्याकडे होते. मग तालुक्याला गेले, मग वसतिगृहात राहून पदवीधर झाले, आणि एक दिवस त्याने येऊन सांगितले, ‘गुरुजी, विद्यापीठात नाव घातलं. एम. ए. ला. समाजशास्त्र.’

त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, ‘गुरुजी, हे समाजशास्त्र म्हंजे काय असतं?’

मी म्हणालो, ‘कुणाकडे किती आहे, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे ते का नाही, याचा अभ्यास.’

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ह्याचा बी अभ्यास असतो व्हय!’

त्या उद्गारात थट्टा नव्हती. आपल्या आयुष्याचा कुठेतरी, कुणीतरी, फळ्यावर लिहून अभ्यास करतो आहे, या बातमीने त्या माणसाला धीर आला होता. पुढे तो विद्यापीठातला मुलगा जेव्हा निराश होऊन माझ्या ओसरीवर बसला, तेव्हा मला त्याच्यापेक्षा त्याच्या वडिलांच्या या धीराचीच अधिक काळजी वाटली.

चर्चासत्राचा विषय होता सामाजिक विषमता. दोन दिवसांचे. मोठा फलक, कापडी पिशवी, पेन, शेवटी प्रमाणपत्र. मुलाने महिनाभर आधी नोंदणीचे पैसे भरले होते. ते त्याने कसे जमवले, हे मी विचारले नाही. पहिल्या दिवशी तो पहिल्या रांगेत बसायला गेला, तेव्हा तिथे ‘राखीव’ असे कागद चिकटवलेले होते. ती रांग पाहुण्यांसाठी. हे सांगताना तो हसला. दुपारी जेवणाला पाहुणे आतल्या दालनात टेबलखुर्च्यांवर बसले आणि विद्यार्थी बाहेर मांडवात उभ्याने जेवले.

‘जेवण वेगळं होतं का रे?’ मी विचारले.

‘नाही हो. भाजी तीच, चव तीच. दारं फक्त दोन होती.’

मी म्हणालो, ‘एवढ्यावरून खट्टू होऊ नये. घरच्या लग्नातही आपण व्याह्यांना आधी बसवतो.’

‘त्याचं मला काही वाटलं नाही, गुरुजी. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.’

मग त्याने ती दुसरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी निबंधवाचन होते. एकेकाला पाच मिनिटे. चौथ्या मिनिटाला घंटा. त्यात एकाचा निबंध ऊसतोड मजुरांवर होता. पडद्यावर आकडे आले, तक्ता आला, आणि मग एक छायाचित्र आले. उसाचा फड, बाजूला कोपी, आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे चाललेली एक बाई. मोळीचे वाढे पुढे झुकलेले, त्यामुळे तोंड झाकलेले. सभागृहातल्या काहींनी हात उंच करून त्या चित्राचे फोटो घेतले. मग घंटा वाजली, आणि पडद्यावर ‘धन्यवाद’ असे आले.

‘ती माझी आई नव्हती,’ तो म्हणाला. ‘पण तोंड दिसत नव्हतं ना. मी आपला लुगड्याचा रंग ओळखायला लागलो. तेवढ्यात ती गेली.’

थोडा वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग तो एकदम म्हणाला, ‘गुरुजी, तिथं बोलला त्यातला एकही माणूस खोटं बोलला नाही. तोच तर घोळ आहे. कुणी खोटं बोललं असतं, तर मी उठून भांडलो असतो.’

शेवटी प्रश्नोत्तरे होती. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचे होते. याने लिहिले होते : ‘माझे वडील आज हे चर्चासत्र ऐकायला आले असते, तर त्यांचा एक दिवसाचा खाडा पडला असता. तो कुणी भरून दिला असता?’ चिठ्ठी हातोहात व्यासपीठापर्यंत गेली. अध्यक्षांनी तिथे जमलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, घड्याळाकडे पाहिले, दोन वाचल्या, आणि ‘वेळेअभावी’ बाकीच्या टेबलावर ठेवून दिल्या. मग आभारप्रदर्शन झाले. ते मात्र बरेच लांबले.

‘मी आता सोडतोय, गुरुजी,’ तो म्हणाला. ‘चाकणला चुलतभाऊ आहे. कंपनीत लावतो म्हणतोय. निदान महिन्याला काही हातात तरी येईल. आईचा एक हंगाम वाचला तरी पुष्कळ झालं.’

वाचकहो, अशा वेळी मास्तराने काय बोलावे? ‘शिक्षण हेच वाघिणीचे दूध’ वगैरे वाक्ये आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहेत. ती त्यानेही सात वर्षे वाचली होती. आईचा एक हंगाम एका पारड्यात असताना दुसऱ्या पारड्यात सुभाषिते टाकून भागत नाही. म्हणून मी त्याला उपदेश केला नाही. मी त्याला माझ्या मनात चाललेली गोष्ट सांगितली.

ती गोष्टही एका चर्चासत्राचीच आहे. १९१६ सालच्या मे महिन्याची ९ तारीख. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. डॉक्टर गोल्डनवायझर नावाचे मानववंशशास्त्राचे अध्यापक तिथे चर्चासत्र चालवीत. त्या दिवशी तिथे एका हिंदी विद्यार्थ्याने जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. वय वर्षे पंचवीस. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो सातासमुद्रापलीकडे गेला होता. आणि लहानपणी साताऱ्याच्या शाळेत त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. जो विषय इतरांना ग्रंथांतून समजून घ्यावा लागत होता, तो त्याच्या अंगावरून गेलेला होता. तरीही त्या निबंधात त्याने स्वतःचे दुःख सांगितले नाही. त्याने जातीचे यंत्र उघडले आणि ते कसे चालते ते दाखवले. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर, हे वाचकांना सांगायला नकोच.

मुलगा म्हणाला, ‘ते बाबासाहेब होते, गुरुजी.’

मी म्हणालो, ‘१९१६ साली नव्हते. १९१६ साली ते कोलंबियातले एक विद्यार्थी होते. बाबासाहेब मागाहून झाले.’

आणि त्याच्याही आधीची एक गोष्ट आमच्या पुण्यातलीच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली एक मुलगी होती. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. शाळकरी पोर ती! तिला कुणी पाच मिनिटे दिली नव्हती, की घंटाही वाजवली नव्हती. आज ज्या विद्वानांना त्या काळाचा अभ्यास करायचा असतो, त्यांना त्या पोरीचा निबंध हाती घ्यावाच लागतो. त्या वेळच्या किती अध्यक्षांची भाषणे कुणी आता वाचत असेल?

तात्पर्य, चर्चासत्र ही वस्तू काही वाईट नाही. ‘सेमिनार’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ होतो रोपवाटिका. हे मला कळले तेव्हा मोठी गंमत वाटली. रोपवाटिका आमच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. कांद्याचे रोप गादीवाफ्यावर दाट टाकतात, पाणी देतात, जपतात. पण सहासात आठवड्यांनी ते उपटून रानात लावावे लागते. वाफ्यातच ठेवले, तर पात हिरवीगार दिसेल, येणारेजाणारे कौतुक करतील. पण कांदा काही धरणार नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठातल्या त्या दोन दिवसांत वाफा हिरवागार होता, यात शंका नाही.

आणि बुद्धिमंत रानात गेल्याची उदाहरणे आपल्याकडे नाहीत असेही नाही. नगर जिल्ह्यातल्या लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे शाळा फारशी न शिकलेले शेतकरी, आणि धनंजयराव गाडगीळ म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेचे थोर अर्थशास्त्रज्ञ. या दोघांनी एकत्र बसून शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. प्रवरेच्या काठी त्याचा पहिला गळीत हंगाम झाला तो १९५०-५१ साली. गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने उसाच्या मळीचा वास नाकात घेतला, म्हणून शेतकऱ्याच्या हातात चार पैसे खेळू लागले. या गोष्टीचा मला अभिमान आहे.

परंतु माझ्या विद्यार्थ्याने याच ठिकाणी मला अडवले. ‘खरं आहे, गुरुजी. पण सभासद कोण? ज्याचा ऊस तो. तोडणाऱ्याचा ऊस नसतो, म्हणून तो सभासद नाही. त्याला मुकादमानं आणलेलं असतं, म्हणून तो कारखान्याचा कामगारही नाही. गाळपात तो आहे, वजनकाट्यावर तो आहे. नाव घालायला गेलं, की कुठंच नाही.’

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. चाळीस माणसांसमोर चिठ्ठीवर दोन ओळी लिहिणारा मुलगा ओसरीवर बसून एखाद्या अध्यापकाला शोभेल असे बोलत होता. आणि त्याचे त्यालाच ते कळत नव्हते!

मी विचारले, ‘हे तू कुठे शिकलास?’

तो घुटमळला. ‘थोडं बापाकडनं. थोडं... तिथंच. वर्गात.’

त्या ‘तिथंच’मध्ये सगळे आले. आमच्या गावात दोन पिढ्या या गोष्टीला ‘नशीब’ म्हणत आल्या. नशिबाशी भांडता येत नाही; त्याला फार तर नवस बोलता येतो. ‘विषमता’ हा शब्द जड आहे, पुस्तकी आहे, खेड्यातल्या जिभेवर तो अडखळतो, हे सगळे मान्य. पण त्या शब्दाने एक उपकार केला आहे. जे आभाळातून पडले असे वाटत होते, ते माणसांनी रचले आहे, असे तो सांगतो. आणि जे माणसांनी रचले, ते माणसांना मोडताही येते. १९४९ सालच्या नोव्हेंबरात घटना समितीपुढच्या भाषणात बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपण सगळे समान होऊ, परंतु समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहील. हा विरोध लवकर मिटवला नाही, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता.

माझ्या वर्गात हा विरोध दरवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर हजर होतो. २००९ साली शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. सुटी संपून मी हजेरी घेऊ लागतो, नाव पुकारतो, आणि मागच्या बाकावरून दुसरेच कुणीतरी उत्तर देते, ‘तो गेला, गुरुजी, तोडीला.’ मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, त्यांनी काही मुले सावरली आहेत. पण धाकटे भावंड सांभाळायला मोठ्या मुलीला आईबरोबर जावे लागते, आणि कोपीत तान्ह्यापाशी बसलेल्या नऊ वर्षांच्या ‘आई’ला कायद्याचा आवाज ऐकू जात नाही.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशातून शिक्षण मिळते ते वरच्या थोड्यांना. आधी खेड्यातल्या मुलांच्या प्राथमिक शाळा पाहा, ते शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांचे म्हणणे. जोतीरावांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. तो आयोगही काही त्यांच्या मनासारखा नव्हता. पण ‘इथे कोण ऐकणार’ म्हणून ते घरी बसले नाहीत. त्यांनी आपले म्हणणे कागदावर मांडले. हंटरसाहेबाचे नाव आज आपल्याला आठवते ते बव्हंशी त्या निवेदनामुळे!

हे सगळे मी त्या मुलाला एका दमात सांगितले असेल असे नाही. दोन दिवस तो गावात होता. सकाळी ओढ्याकडे जाताना थोडे, संध्याकाळी ओसरीवर थोडे. तो ऐकत होता, आणि मधूनमधून मला अडवीत होता. त्याला पटले की नाही, ते मी विचारले नाही. पटवून घेतलेली गोष्ट फार दिवस टिकत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

निघायच्या आदल्या रात्री त्याने फडावर फोन लावला. तिकडे वडील नुकतेच गाडी भरून आले होते; मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मुलाने त्यांना चर्चासत्राची हकीकत सांगितली, चिठ्ठीची सांगितली, आणि शिकणे सोडण्याचाही विषय काढला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग वडिलांनी विचारले, ‘खाड्याचं तू लिव्हलंस? तितं? सगळ्यांम्होरं?’

‘हो. पण वाचलीच नाही त्यांनी.’

‘मग दुसरी लिव्ह,’ वडील म्हणाले. ‘मोठ्या अक्षरात लिव्ह.’

तो परत गेला. चाकणला नव्हे, विद्यापीठात. आता तो आपल्या एम. ए. च्या प्रबंधिकेसाठी खाड्याचाच हिशेब मांडतो आहे : एका कोयत्याचा, एका हंगामाचा, किती टन, किती उचल, किती दिवस आजारपण, शेवटी हातात काय. सगळे आकडे वडिलांच्या तोंडचे आहेत, आणि ते त्याच्या मार्गदर्शक बाईंनी दोनदा तपासून घ्यायला लावले. त्या बाई चर्चासत्रात मागच्या रांगेत बसल्या होत्या म्हणे. विद्यापीठातही मागची रांग असते, हे ऐकून मला बरे वाटले.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी करंज्या आणि लाडू झालेले असतील, आणि आमच्या गावच्या फाट्यावर गाड्या भरत असतील. त्या गाडीत भांडी, पिठाचा डबा, कोंबड्यांची खुराडी, आणि त्यांच्यामध्ये एखादे दप्तरही असते. दिवाळीचा फराळ कुणाला कडू लागावा म्हणून मी हे सांगत नाही. सण सगळ्यांचा आहे. फाट्यावरची मंडळीही गाडीत चढण्यापूर्वी पणती लावतातच. मी एवढेच म्हणतो, की आपल्या घरातले एखादे शिकणारे पोर पुढे कधी तोंड पाडून घरी आले, आणि जे शिकवतात ते खरे आहे पण पुरे नाही, असे म्हणू लागले, तर त्याला गप्प करू नये. त्याला आधी जेवायला वाढावे, आणि मग कागद द्यावा.